पडद्यामागून पाहिलेला हिरो

शिरपूरच्या बाजारातली ती वांगेवाली मावशी डावखुरी. परवा एका जुन्या सिनेमाचा नवा रिमेक मोबाइलवर पाहून ती भलतीच खवळली होती.

"ह्या नव्या हिरोले उजव्या हातानं काहून मारायले लावलं? जुना माह्यासारखा डावखुरा होता. म्हणून तं जीव जडला होता माहा!"

"जुना कुठं पाहिला होता?" मी विचारलं.

"पोहरादेवीच्या जत्रेत, तंबूत. मानसं पडद्यापुढं, आमी बाया पडद्यामागं."

मला हसू आवरेना. "अहो मावशी, पडद्यामागून डावं-उजवं उलटं दिसतं!"

 ती पदर तोंडाला लावून इतकी हसली, की ढिगावरची वांगी घरंगळली.

"दिसू दे ना! माह्या बाजूनं तं तो डावखुराच होता!"