आईसकट रेकॉर्डिंग

द्वारका सर्कलजवळच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही स्टिरिओवेडे दर महिन्याला खिडक्या बंद करून जमतो. प्रत्येकाने घरच्या सिस्टिमवरचं गाणं फोनमध्ये रेकॉर्ड करून आणायचं, बाकीच्यांनी मार्क द्यायचे. एकदा लासलगावहून एक गृहस्थ आले, मनगटाला रुमाल गुंडाळलेला. त्यांच्या क्लिपमध्ये गाण्याबरोबर त्यांची म्हातारी आई बेसूर गुणगुणत होती. सगळे हसले.

"आईंना थोडं गप्प बसवून पुन्हा रेकॉर्ड करा," यजमान म्हणाले.

त्यांनी रुमाल सोडून पुन्हा करकचून बांधला. "तिला गप्प बसवून ऐकायसारखं गाणं अजून झालं नाय."

मार्क सगळ्यांत कमी मिळाले. पुढच्या महिन्यात ते पुन्हा आले. या वेळी गाणं लांबून येत होतं आणि आई खणखणीत. फोन त्यांनी तिच्यापुढे ठेवला होता.