मोरी नेमकी कुठे?

काळजीचा एखादा देव असता, तर अडचणीच्या वेळी तो आमच्या शेजारच्या ओव्हरसियरांना शरण आला असता. बांधकाम खात्यात रस्ते आखणाऱ्या या गृहस्थांना रस्त्याची काळजी कधीच नव्हती. रस्त्यानं अडणाऱ्या पाण्याची होती. कुठंही गेले की तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते कुणीकडे पळतं हे उकिडवं बसून बघायचं. आमच्या नुकत्याच सारवलेल्या अंगणात ओतलं, तेव्हा बायकोनं आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. माझ्या मेव्हण्याच्या लग्नात मांडवातच ओतून म्हणाले, "पंगत वरच्या अंगाला बसवा, पाऊस आला तर?" लग्न वैशाखात होतं! भाताच्या आळ्यातून आमटी फुटली तरी त्यांचा घास हातातच थांबे.

ऐंशीच्या सुमारास बोईसरच्या कारखान्यांसाठी मासवणजवळच्या भातखाचरांतून रस्ता निघाला आणि त्यांची झोपच उडाली. मातीचा भराव पडला की वरच्या खाचरांत पाणी तुंबून रोपं कुजणार, खालची वाळणार. भरावाखालून पाणी काढून द्यायला त्यांनी चार मोऱ्या मागितल्या. वरच्या साहेबांनी एक दिली. "उद्या जागा दाखवा, नाहीतर तीही नाही."

भर मे महिना. भेगाळलेली भुई तांब्यातलं पाणी जागच्या जागी पिऊन टाकी. मला सोबत घेऊन ते गावभर विचारत सुटले, "पावसाचं पाणी कुठून जातं हो?" एकानं वडाकडे बोट केलं, दुसऱ्यानं टेकडीकडे. तिसरा म्हणाला, "पानी? आमच्याकडं पानी जातच नाय," आणि शांतपणे विडी पेटवली.

ओव्हरसियर डोकं धरून बांधावर बसले. ज्या म्हातारीचं खाचर सगळ्यांत आधी बुडणार होतं, ती हे बघत होती. जवळ येऊन म्हणाली, "सायबा, खरं सांग. वलगनीला तू येनार काय मासं धराया?"

पावसाळा लागला की मासे वाहत्या पाण्यातून शेतांत चढतात, ती वलगण. पाणी जाईल तिथंच मासे, आणि आपली जागा इथं कुणी सख्ख्या भावालाही दाखवत नाही. गावाची समजूत झाली होती, सरकार मासे पळवायला आलंय!

"अहो आजी, मी मासे खात नाही!" ओव्हरसियर रडायचेच बाकी होते.

"सुकं पन नाय?"

"अंडंसुद्धा नाही हो!"

म्हातारी पदर तोंडाला लावून हसत सुटली. "मंग आदी नाय सांगायचं, येड्या? चल." खाचराच्या कोपऱ्यात जाऊन तिनं टाच रोवली. "हितं."

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर खुंटी तिथंच ठोकली गेली. पुढच्या उन्हाळ्यात मोरी झाली, आणि पाऊस लागायच्या आत ओव्हरसियरांची बदली सोलापूरकडे झाली. गाडी हलली तरी खिडकीतून विचारत होते, "श्रावणात जाऊन बघाल ना? म्हातारी चुकली असली तर?"

गेलो. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भात सारखंच हिरवं उभं होतं. म्हातारी वाकून तण काढत होती. मला बघून म्हणाली, "तो मासं न खानारा सायब कुठं हाय? त्याला सांग, पानी जाते. आता निजला तरी चालेल."

मी तडक सोलापूरला ट्रंक कॉल लावला. "पाणी जातं!" मी ओरडलो. पलीकडून हलक्या आवाजात ते म्हणाले, "जातं ना? बरं झालं." आणि मग, "भाऊ, इकडे पाऊसच नाही हो. मी कसली काळजी करू?"