समोरच्या गच्चीवर कोण आहे

माझी सगळी नोकरी आकाशातून जमीन बघण्यात गेली. म्हणजे मी बिबवेवाडीतून स्कूटरवर ऑफिसला जायचो. बघायचा तो उपग्रह. त्याने पाठवलेल्या चित्रावरून ऊस कुठे आणि गवत कुठे हे आम्ही ठरवायचो, आणि मग जीपने जाऊन, प्रत्यक्ष बांधावर उभं राहून खात्री करायचो. त्याशिवाय नकाशावर सही नाही, असा आमच्याकडे दंडकच होता.

दुसरा नाद परग्रहांवरच्या जीवसृष्टीचा. हिरवी पानं डोळ्यांना न दिसणारा एक प्रकाश भरपूर परत फेकतात. ऊस आम्ही त्यावरून ओळखायचो. दूरच्या एखाद्या ग्रहावरची झाडंही कदाचित तशीच ओळखता येतील. पण तिथे बांधावर जाऊन उभं कोण राहणार? हे मी जेवताना इतक्यांदा बोललोय की हिंजवडीहून मुलीचा फोन आला की ती आधी विचारते, "बाबा, सापडलं का कोणी?" त्यावर बायको म्हणते, "असतील तिथे. यांचा आवाज ऐकून दारं लावून बसले असतील."

गेल्या वर्षी हिलाच घरातली दाराची चौकट वाकडी दिसायला लागली. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध छिद्र पडलं होतं. ऑपरेशननंतर काही दिवस तिला मान खाली घालून पालथं राहावं लागलं. "जमीन बघायची ड्यूटी आता माझ्याकडे," ती उशीतूनच म्हणाली. मी हसलो, पण मला फार भीती वाटत होती.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी पडद्याचं चित्र दाखवलं. छिद्र बुजलं होतं. मी इतका खूश झालो की चित्रातल्या बारकाव्यांवर त्यांच्याशी बोलतच बसलो.

"अहो, चित्र छानच आहे," ही शेजारून म्हणाली. "त्या डोळ्याने मला तुमचं तोंड अजून दिसत नाही."

नजर किती परत येईल ते सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

बरेच आठवडे असेच गेले. मग एका सकाळी आम्ही गॅलरीत चहा घेत होतो. समोरच्या गच्चीवरून कोणीतरी हात करतंय असं मला दिसलं, म्हणून मीही हात केला. हिने कप खाली ठेवला, तळहाताने डावा डोळा झाकला आणि नुसत्या उजव्याने बराच वेळ तिकडे बघत राहिली.

"टॉवेल वाळतोय," ती म्हणाली. "निळ्या काठाचा. हात खाली घ्या, लोक बघतायत."

मी आत जाऊन चष्मा घालून आलो. टॉवेलच होता. तिथे कोणी नसल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.