क्लबच्या पहिल्या नावेची चोरी

नकळत स्वतःच्याच वडिलांविरुद्ध चोरीची फिर्याद देणारा मुलगा मी पोलिसातल्या सबंध नोकरीत एकदाच पाहिला. तो प्रसंग आठवला की आजही हसू येतं.

कोयनानगरच्या वर, धरणाच्या पाण्यावर एक मोटारबोट क्लब आहे. आज तिथे पर्यटकांसाठी फायबरच्या बोटी आहेत, पण सुरुवात झाली एका लाकडी नावेपासून. धरणात वाट बुडाली तेव्हा गावातल्या एका खटपट्या माणसाने विहिरीवरचं डिझेल इंजिन नावेत बसवलं. आजारी माणसं, नव्या नवऱ्या, शाळेचे मास्तर, सगळे तिच्यातूनच पलीकडे जात. पुढे गावकऱ्यांनी क्लब काढला. मी तिथे होतो तेव्हा त्याच माणसाचा मुलगा अध्यक्ष होता. त्याने ती जुनी नाव एका हॉटेलच्या बागेत शोभेला द्यायचं ठरवलं, आणि न्यायच्या आदल्या दिवशी नाव गायब!

मुलाच्या फिर्यादीवरून गुन्हा नोंदवला, धक्क्याचा पंचनामा केला. मग खबऱ्या कुजबुजला, "सायेब, नावंचं इंजिन अध्यक्षांच्याच गोठ्यात हाय." पाहतो तर खरंच! ग्रीस लावून, पोत्यात नीट गुंडाळलेलं. मला तिथेच शंका आली. चोर माल दडवतो, त्याची निगा राखत बसत नाही.

त्या इंजिनाला इतकं जपणारा एकच माणूस होता, ते नावेत बसवणारे अध्यक्षांचे वडील; त्या म्हातारबांना ठाण्यात बोलावलं. बापाला अटक होणार या धास्तीने मुलाचा चेहरा पार उतरला होता.

"नाव कुठे आहे, आबा?"

"पाण्यात. धोंडं भरून बुडवली."

"इतकी वर्षं जपलेली नाव बुडवलीत?"

"आवं, जपाय म्हणूनच बुडवली! लाकूड उन्हात वाळलं की तडकतंय. काम नसंल तवा नाव आमी पाण्यातच ठेवतो. ह्यो तिला बागंत वाळवून मारणार हुता."

मुलगा उसळला, "मग मला सांगायचं न्हाई व्हय?"

"तू इचारलंस व्हय रं मला?"

मुलाने तिथूनच हॉटेलला फोन करून नकार कळवला. फिर्याद गैरसमजातून झाल्याचा अहवाल मी न्यायालयात पाठवला.

नाव वर काढली त्या दिवशी मी मुद्दाम गेलो. धोंडे काढले, पाणी उपसलं, इंजिन बसवलं. म्हातारबांनी इंजिन सुरू करायचं हँडल मुलापुढे धरलं. "तू फिरव. माज्याच्यानं आता हुत न्हाई."

ते हँडल त्यांनी आजवर कुणाच्या हाती दिलं नव्हतं. मुलगा रडतच ते फिरवत होता.

तेव्हापासून घरातल्या चोरीची फिर्याद आली की मी आधी एकच विचारायचो, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारलंत का? निम्म्या फिर्यादी तिथेच परत जायच्या.