येळवशीची भज्जी आणि माझा एक एकर

आमच्या बायकांच्या गटात सात जणी. मंगळवारी बसलो की विषय असतो पाण्याचा नाहीतर खताचा, आणि निम्मा वेळ जातो हसण्यात. माझ्या एकराचे किस्से तर इतके झालेत, की आता मीच सांगून टाकते.

*

बेंबळीजवळ आमचं रान. सगळं सोयाबीन. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, रानात शेंगा आणि पालेभाज्या एकत्र शिजवून भज्जी करायची, तर त्याही बाजारातून आणायच्या. मला लाज वाटायची. सासऱ्यांना म्हणाले, "मामा, एक एकर द्या. फवारणी न करता घरच्या खाण्याचं पिकवते."

"घे. पण येळवशीची भज्जी त्याच रानातली पायजे. एक शेंग जरी इकत आणलीस, तर एकर परत."

*

रानाला घालायच्या जीवामृत खतासाठी मी शेणात गूळ-बेसन कालवत होते. मामा चहाचा कप घेऊन आले, ड्रममध्ये डोकावले.

"माझ्या चहात गूळ घालताना हात आखडतीस, अन् शेणाला लाडू व्हय?"

तेव्हापासून मामांच्या चहात गूळ जरा जास्तच पडतो.

*

घेवड्याचं गावरान बी दुकानात मिळेना. गटातल्या सखूबाईंनी राखेत जपलेलं बी काढून सगळंच माझ्या ओटीत टाकलं. मी म्हटलं, "थोडं तुम्हाला राहू द्या."

"डब्यात नुसतं म्हातारं व्हतंय ते. तू पेर."

सखूबाईंचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

*

ओल टिकावी म्हणून वाफ्यांवर पाचोळा अंथरला आणि दोन दिवस माहेरी गेले. परत येते तर रान लख्ख, बांधावर राखेचा ढीग. जाऊबाई कौतुकानं उभ्या. "लई कचरा साचला व्हता गं तुझ्या रानात. समदा पेटवून दिला."

हसावं की रडावं कळेना. दुपारपर्यंत रोपांनी माना टाकल्या. एकर गेलाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गटातल्या सहाही जणी डोक्यावर पाचोळ्याची गाठोडी घेऊन हजर. मागून जाऊबाई, सगळ्यात मोठं गाठोडं त्यांचं. आजही आठवलं की डोळे भरतात.

*

येळवस आली. तुरीच्या शेंगा, हिरवा हरभरा, मेथी, सखूबाईंचा घेवडा, सगळं एकरातलं. मामांनी भज्जी तीनदा वाढून घेतली, वर आंबील प्याले. शेवटी मला राहवेना. "मामा, एकराचं काय?"

मामा हात धुऊन उठले, रस्त्यावर गेले आणि मोटारसायकलवरच्या अनोळखी माणसाला हात दाखवून थांबवलं.

"ओ पाव्हणं, उतरा खाली. आमच्या सूनबाईच्या रानातली भज्जी खाल्ल्याबगर कुठं निघालात?"