तानाबाईने मागितलेली बारी

शरयूच्या त्रिपुरवातीचे चारशे दहा पदर झाले होते. साडेसातशे व्हायचे होते आणि पौर्णिमा चार दिवसांवर आली होती. ओसरीत पाटावर बसून ती नाम घेत घेत एकेक पदर मोजत होती. तेवढ्यात सुधा शाळेतून आली, ती कमरेपासून खाली भिजलेली.

"आज पाणी भरायची बारी होती," सुधा म्हणाली. "बादली पायावरच सांडली."

"पुन्हा? परवाच झाली ना तुझी?"

"वर्गात मुली पाचच आहेत, आई. आणि अन्नपूर्णेची बारी तर कधी येतच नाही."

शेवटचं वाक्य शरयूच्या कानावर पडलं, पण मनात पहिलंच राहिलं. नऊ वर्षांची पोर, अंगावर मूठभर मांस नाही. शाळेत मुलांनी अंगण झाडायचं, टकळीवर सूत कातायचं, मागच्या विहिरीतून पाणी काढून ओसरीतला माठ भरायचा, हे तिच्या यजमानांना, हरिभाऊंना, फार पसंत होतं. टकळीबद्दल तिची तक्रार नव्हती. सुधाच्या सुताच्या वाती तिने देवापुढे लावल्याही होत्या. पण कार्तिकाच्या गारठ्यात पोरीने बादल्या वाहायच्या? वात सुपात ठेवून तिने वर फडकं टाकलं आणि तशीच निघाली.

शाळेच्या पायरीवर तानाबाई बसली होती.

वेचणीच्या बायांत तानाबाईसारखा कापूस कोणी वेचत नसे. तिच्या फडक्यात पानाचा चुरा सापडायचा नाही. पहिल्या वेच्यातला ओंजळभर पांढराशुभ्र कापूस ती दर कार्तिकात शरयूच्या पायरीच्या कोपऱ्यावर ठेवून जाई, वातींसाठी. मागल्या वर्षी दसऱ्याला ती आणि तिचा नवरा प्रेमदास नागपूरला जाऊन बौद्ध झाले, घरातले देव त्यांनी नदीत सोडले. त्या कार्तिकात शरयूला वाटलं, आता काही कापूस येत नाही. पण आला. न राहवून तिने विचारलं, तर तानाबाई म्हणाली, "देव तुमचा हाये, बाई. कापूस तर वावराचा."

यंदाचे चारशे दहा पदरही त्याच हातांनी वेचलेल्या कापसाचे होते.

दत्तोपंत गुरुजी हातावरचा खडू झटकत बाहेर आले. तानाबाई दुपारपासून बसलेली, हे शिपायाने त्यांना दोनदा सांगितलं होतं. तरी ते म्हणाले, "या शरयूबाई, बोला."

"बोला, बोला," तानाबाई म्हणाली. "मी बसूनच राह्यली."

शरयू जरा ओशाळली, पण बोलली. "सुधाला पाणी भरायला लावू नका, गुरुजी. पोर रोज भिजून येते. एखाद दिवस अंथरूण धरेल."

"एवढंच ना? काढतो तिचं नाव." मग ते तानाबाईकडे वळले. "तुझं काय ग?"

"माह्या पोरीले पाणी भराले लावा."

गुरुजींनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. "अग, अन्नपूर्णा आत बसते, सगळ्यांच्यात बसते. प्रेमदासला विचार, तो या शाळेत कुठे बसायचा."

"दाराबाहीर. मले माईत हाये. तो बी हेच म्हणते, आत बसाले भेटते ना, बस झालं. अन् आमच्या शेजारची जिजाबाई म्हणते, मी तर पोरगी धाडतच नाई, तिथं जाऊन ओंजळीनंच पाणी प्याचं हाये तर काऊन धाडू? नवऱ्याचं एक, शेजारणीचं एक. पोरगी काय म्हणते, ते कोणी पुसतच नाई."

"काय म्हणते?"

"तुमी फळ्यावर बाऱ्या लिहिता. समद्यायचं नाव येते, तिचं येत नाई. ते म्हणते, आई, मी त्या शाळेत हायेच नाई. चार दिवस झाले, घरी बसून हाये." तानाबाईचा आवाज चढला नाही. "औंदा चौथीची परीक्षा हाये, गुरुजी. ते राह्यली तर उद्या माह्यासंगं वेचणीले येईन, अन् मंग जलमभर वेचणीच."

गुरुजी तसे वाईट नव्हते. सुधाला पाढे येईनात तेव्हा घरी येऊन बसून शिकवून गेले होते. ते हळू आवाजात म्हणाले, "माझी हरकत नाही. पण बाकीचे पालक काय म्हणतील? मुलं माठाला हात लावणार नाहीत."

"एक पालक ह्या काय उभ्या हायेत. इचारा त्यायले." मग शरयूकडे न पाहताच ती पुढे म्हणाली, "अन् यायच्या पोरीची बारी तुमी आताच काढली. रिकामी झाली ना ते? ते द्या माह्या पोरीले."

शरयूने घरी सुपात ती वात झाकून ठेवली होती. तो कापूस या बाईच्या बोटांतून थेट देवापुढे जात होता, आणि त्याबद्दल कधी कोणी चकार शब्द काढला नव्हता. कापसाला चालतं, पाण्याला चालत नाही, असं सासूबाई सांगत. का, ते त्यांनी सांगितलं नव्हतं, शरयूने विचारलं नव्हतं. पण आत्ता तिला टोचलं ते वेगळंच. जे आपण नको म्हणून टाकायला घाईघाईने आलो, तेच मागायला ही मजुरी बुडवून दुपारपासून पायरीवर बसली आहे.

"गुरुजी," ती म्हणाली, "सुधाचं नाव काढू नका. एकीला बादली जड होते. दोघींना मिळून एक बारी द्या. कडीतून काठी घालतील आणि दोन टोकं दोघी धरतील."

"आणि ते पाणी?"

"सुधा पिईल."

तानाबाईने आता मान वर करून पाहिलं. "अन् तुमी?"

"माझ्या घरात माझं सोवळं आहे, तानाबाई. तुला खोटं कशाला सांगू?"

तानाबाई मोकळं हसली. "तुमच्या घरचा माठ कोन मांगून राह्यलं, बाई? मी तर शाळेचा मांगाले आलती."

वाटेने शरयू तेच घोळवत राहिली. नवऱ्याचं नको, शेजारणीचं नको, गुरुजींचं गुळमुळीत. त्या सगळ्यातून ही बाई एक गोष्ट घेऊन आली, आणि तेवढीच मागून, मिळवून उठली. ना रडली, ना कोणाला बोल लावला. आपण देवाजवळसुद्धा इतकं नेमकं कधी मागत नाही, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूजेचं तबक घेऊन देवळात जाताना ती मुद्दाम शाळेवरून गेली. कुंपणाशी तानाबाई उभी होती, कमरेला वेचणीचं फडकं बांधलेलं. फळ्यावर दोन्ही नावं शेजारी शेजारी होती. विहिरीकडून दोघी पोरी काठी धरून आल्या. एक उंच, एक बुटकी. बादली कलली आणि अर्धं पाणी दोघींच्या पायांवर गेलं. उरलेलं माठात पडलं. दोन मुलांनी घरून तांबे आणले होते, ते त्यांनी पुढे ओढले. गुरुजींनी इकडेतिकडे पाहिलं, मग स्वतःच पेला बुडवून घेतला. त्यांच्यामागून सुधा गेली.

"भिजल्या ग दोघी," शरयू म्हणाली.

"दोघीयवर सांडलं ना," तानाबाई म्हणाली. "मंग सांडू द्या."

अन्नपूर्णा वर्गात गेलेली दिसेपर्यंत ती हलली नाही. मग तिने फडक्याची गाठ घट्ट केली.

"आता वावरात?" शरयूने विचारलं.

"वावरात मागून. पयले जिजाबाईकडं जातो. तिच्या पोरीचं नाव शाळेत घालाचं हाये."