मोबाइल म्हणते

ह्यांच्या हृदयाच्या नळीत जाळी बसवली तेव्हा हैदराबादच्या दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईनं माझ्या मोबाइलवर एक अ‍ॅप टाकून दिलं. आदिलाबादहून रोज तिथं जाणं होणार नव्हतं, म्हणून ही सोय. किती चालायचं, काय खायचं, ते त्यात यायचं; चालून झालं की आम्ही भरून पाठवायचं. सगळं तेलुगूत. मी तेलुगू शाळेत शिकलेली. हे भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाइकाशी फडाफडा तेलुगू बोलायचे, पण वाचता यायची ती मराठीच.

पहिल्या दिवशी मी होतं तेच वाचलं. सकाळी वीस मिनिटं, सावकाश.

"तू मले चालवतं का?" हे खेकसले.

"मी नाही, मोबाइल म्हणते. नाही चालले तर तिकडं बाईले लाल दिसते."

मरणाचं भय चांगलंच बसलं होतं. मुकाट उठले. तीस वर्षांत माझ्या सांगण्यावरून हा माणूस पहिल्यांदा हलला होता.

आठवड्याभरात मी मीठ बंद केलं. अ‍ॅपमध्ये 'कमी' लिहिलेलं होतं. मग संध्याकाळचं चालणं सुरू केलं, चाळीस मिनिटं. ते तर कुठंच लिहिलेलं नव्हतं. त्यांना बाजारातून, त्यांच्याच दुकानावरून न्यायची. भिंतीला हात टेकत चाललेला माणूस शेजारचे दुकानदार बघत राहायचे. एकदा कापडवाल्याच्या पायरीवर बसले. शर्ट घामानं ओला.

"थांबू का जरा?"

मी मोबाइलकडे बघितल्यासारखं केलं. "नाही म्हणते."

ते उठले. घरी आल्यावर छातीत दुखलं का, असा अ‍ॅपचा प्रश्न होता. हे म्हणाले, "थोडंसं." मी 'नाही' दाबलं. त्या दिवशी मला झोप छान लागली. लिहायला लाज वाटते, पण लागली.

तपासणीला गेलो तेव्हा बाईनं ह्यांना विचारलं, "कितना चलते हो?"

"सुबह बीस मिनट, शाम को चालीस."

"शाम को? किसने बोला?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाले, "मैं ही चला. जोश में." बायकोनं बनवलं हे चारचौघांत सांगणं त्यांना मरणापेक्षा जड होतं. बाई रागावली, आणि 'हिंदीतही येतं की हे,' असं म्हणत तिनं एक बटण दाबलं. अक्षरं बदलली, ह्यांना वाचता येतील अशी झाली. ते बटण मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

परतीची बस निर्मल गावाशी थांबली. तेव्हा हे हळूच म्हणाले, "काऊन केलं?"

"माझी माय मेली तवा दुकानात गर्दी हाय म्हणून तुमी मले दुसऱ्या दिवशी धाडलं. मी गेली तवा राख होती."

त्यांनी आठवून बघितलं. खरंच आठवून बघितलं. "गर्दी होतीच ना," ते म्हणाले.

आता ते बरे आहेत. मोबाइल त्यांच्याच खिशात असतो. सकाळी स्वतः वाचून एकटे चालून येतात, दिवसभर दुकानात बसतात. झाल्या प्रकारावर आम्ही पुन्हा बोललो नाही. फक्त जेवताना आपल्या वरणाची वाटी आधी माझ्यापुढे सरकवतात. मी त्यातले दोन घास खाल्ले, की मग जेवायला लागतात.